सकाळी हरणारी रोडा

१

दूध मुरवायचा वाळका भोपळा अंगणात फुटून पडला होता आणि आतलं मुरसिक लाल मातीत पसरलं होतं. चांगलं मुरलेलं, कोळशाच्या पुडीने राखाडी झालेलं दूध. आम्ही केनियातली कलेंजिन माणसं दूध जमिनीवर सांडत नाही. भांडण पेटलं तरी आधी दुधाचे भोपळे बाजूला ठेवतो आणि मग काठ्या उचलतो. म्हणून रोडाचा नवरा एल्काना मला घाईघाईने बोलवायला आला आणि फाटकातून मला तो भोपळा दिसला, तेव्हाच मला कळलं, हे साधं भांडण नव्हे.

शेजारच्या बायका घोळका करून उभ्या होत्या. मधे, नव्या घराच्या भिंतीला पाठ लावून ताबिथा उभी होती. काडीसारखी पोर. रोडाच्या घरी राहायची, घरकामाला हात लावायची आणि रोज रोडाच्या मागे धावून धावणं शिकायची. तिच्यासमोर रोडा जेबितोक, हातातली कागदाची पुडी नाचवत होती.

"हिच्या पेटीत सापडलं, कोगो! पांढरं विष! माझ्या दुधात कालवत होती. विचारा तिला!"

मला सगळं इटेन गाव कोगो, म्हणजे आजी, म्हणतं. नातवंडं मला नाहीत. इथल्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर धावणं शिकवलं आणि पोरी मोठ्या होत गेल्या तशी मी सगळ्या गावाची आजी झाले. रोडा त्यातलीच. अनवाणी यायची, डोंगराच्या पलीकडून, दप्तर डोक्यावर धरून, आणि घंटेच्या आधी पोचायची. तिच्या पावलांचा आवाज मला वर्गात बसून ओळखू यायचा. पुढे परदेशातल्या दोन मोठ्या शहरांच्या शर्यती तिने जिंकल्या. आणि या एप्रिलपासून तीच रोडा सरावात शेवटून पहिली येत होती. कालपरवापर्यंत तिच्या पाण्याच्या बाटल्या धरणाऱ्या पोरी तिला मागे टाकून जात होत्या. का, ते कुणालाच कळत नव्हतं.

मी पुडी घेतली, हुंगली, बोटावर घेऊन जिभेला लावली.

"कोगो!" कुणीतरी किंचाळलं.

"तान्ह्या पोरांच्या ढुंगणाला लावतात ती पावडर आहे ही," मी म्हटलं. "हिने माणूस मरत असता तर आपलं अख्खं गाव पाळण्यातच संपलं असतं."

दोघीतिघी हसल्या. ताबिथा नाक ओढत म्हणाली, "सांगत तर होते मी. ताईच्या बुटांत घालते. पायाला फोड येऊ नयेत म्हणून."

रोडा हसली नाही. ती सांडलेल्या दुधाशेजारी मातीतच बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"मग मला काय झालंय, कोगो?"

२

तिने मला झोपायच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. सिमेंटच्या विटांच्या भिंती, मोठ्या काचेच्या खिडक्या, वर चकचकीत पत्रा. मार्च अखेर ती या घरात राहायला आली होती. छताच्या फळ्या अजून बसायच्या होत्या. खोलीत बसलं की पत्र्यावरच्या पावसात आपलंच बोलणं ऐकू येत नसे. त्या क्षणी मात्र पाऊस थांबला होता.

"आता नीट सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"सांगण्यासारखं काय आहे? सकाळी उठते तर डोकं दगडासारखं जड. मळमळतं. धावायला लागले की छाती धडधडते, पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. चढण आली की डोळ्यांपुढे काळे ठिपके. आणि संध्याकाळी तेच पाय माझे होतात, कोगो! संध्याकाळी हलकं धावते ना, तेव्हा वाटतं, काही झालेलंच नाही. सायलस कोच म्हणतात, संध्याकाळी हळू धावतेस म्हणून बरं वाटतं."

"डॉक्टर?"

"एल्डोरेटला दोनदा गेले. दुपारी रक्त घेतलं. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, रक्त भरपूर. बोटाला चिमटा लावून बघितलं, तोही म्हणाला सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, मनाचं दुखणं असेल. घरी काही त्रास आहे का?" ती कडवट हसली. "मी म्हटलं, आहे ना. मी हरते हा त्रास आहे."

भिंतीपलीकडे कुणीतरी हुंदका गिळला. इतका स्पष्ट, की मी दचकून पलंगाखाली बघितलं.

"ताबिथा असेल, कोठीत," रोडा म्हणाली. "रडू दे. कोगो, मांजरसुद्धा हे घर सोडून गेली. दोन महिने झाले. शेजारणी म्हणतात, घराला काहीतरी लागलंय. कुणीतरी केलंय."

"मांजरीला शर्यत हरायची भीती नसते," मी म्हटलं. पण ते डोक्यात कुठेतरी राहिलं.

रोडाने कपाट उघडलं. पांघरुणांच्या मागून रुमालाची गुंडाळी काढली आणि माझ्या मांडीवर सोडली. आत काचेची छोटी बाटली होती आणि सुई.

माझा हात मागे आला. असल्या सुईपायी धावण्याच्या जगातून हाकललेली पोरं मी पाहिली होती. त्यांच्या आया चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागल्या होत्या.

"कुणी दिली?"

"सायलसनी. शनिवारी नैरोबीला देशाच्या संघाची निवड आहे. दहा हजार मीटर. तीन बायका घेणार. पुढच्या खेपेला मी अडतीस वर्षांची असेन, मला कोण विचारणार? गुरुवारी संध्याकाळी घ्यायची आहे ही."

"आणि पकडली गेलीस तर?"

"तर निदान मी का हरले ते सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. "आता मलाच कळत नाही. तुम्हाला माहीत नाही कोगो, ते काय असतं. रोज पहाटे उठायचं आणि आपलंच अंग आपल्याला ओळख देत नाही. मी वेडी होईन. नाहीतर धावता धावता रस्त्यावर मरेन. त्यापेक्षा सुई बरी."

त्या दिवशी मंगळवार होता. मी रुमाल पुन्हा गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. माझ्याकडे ठेवून घेतला असता तर तिने दुसरा आणला असता.

"गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "तोवर मी शोधते."

"आणि नाही सापडलं तर?"

मी दार उघडून बाहेर पडले.

३

बुधवारी सकाळी सहाला मी छत्री घेऊन चढणीच्या पायथ्याशी उभी होते. पाऊस भुरभुरत होता. जून महिन्यात आमच्या कड्यावर असा गारवा असतो की बोलताना तोंडातून वाफ निघते. पोरी जमल्या होत्या. त्यांचे बूट कालच्या पावसाने अजून ओलेच, पाऊल टाकलं की पचपच वाजत होते. एकीने पिशवीतून बूट काढून पिळला आणि शिव्या देत पायात घातला.

रोडा आली. मैलाच्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तोल जाऊन माझ्या खांद्यावर आली. मी खाली बसून तिची नाडी बांधली, जशी शाळेत बांधायची. तिचा चेहरा मात्र टवटवीत होता, गाल रसरशीत. आजारी बाई वाटेना.

सगळ्या सुटल्या. चढणीच्या अर्ध्यावर रोडाचं डोकं डुलायला लागलं. वळणावर ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि ओकली. ताबिथा मागे वळली, तर रोडा ओरडली, "जा तू! हात लावू नकोस मला!"

सायलस कोच माझ्याजवळ उभा होता. त्याच्या गळ्यात घड्याळ होतं, ते त्याने बंदसुद्धा केलं नाही.

"वय, टीचर," तो म्हणाला. "वयाला औषध नाही."

"तू तर दिलंस ना औषध. रुमालात बांधून."

तो हळू आवाजात म्हणाला, "ती माझ्या पाया पडली. मी दिलं नसतं तर कुणीही दिलं असतं. निदान माझ्याकडे चांगलं तरी मिळतं."

"आधी दिलं होतंस का काही? एप्रिलपासून?"

"माझ्या आईची शपथ, नाही."

"तिची जागा रिकामी झाली तर तुझ्या दुसऱ्या कुठल्या पोरीला मिळेल?"

"मिळेल कुणाला तरी. पण टीचर, माझं नाव झालं ते रोडामुळे. मी स्वतःचीच गाय कशाला मारू?" त्याने चढणीकडे बघितलं. "एक सांगतो. मेमध्ये ती केरिओ दरीत आईकडे गेली होती, मयताला. चार रात्री राहिली. परतताना मी तिला म्हटलं, गाडीने येऊ नकोस, कडा धावत चढ. बकरीसारखी चढली! माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी घरून सरावाला आली, पुन्हा तेच. खालची हवा दाट ना, म्हणून जमलं असणार."

"कडा चढला की माणूस कुठे येतो, सायलस?"

"इथे. वर."

"मग त्या दिवशी वरची हवा पण दाट झाली होती का?"

मी छत्री मिटली. दरीतल्या घरी चार रात्री काढल्यावर ती ठीक होती, आणि इथे एक रात्र काढली की बिघडली. त्या मयताच्या घरी काय नव्हतं, जे तिच्या नव्या घरात होतं?

एक माणूस तर नक्कीच नव्हता. तिचा नवरा.

४

एल्काना कुंपणापाशी बसला होता, दोन्ही हातांनी डोकं धरून. गाव म्हणे तो पितो. बायकोची कमाई मक्याच्या दारूत घालतो, आणि बायको घरी बसली तर त्याला आनंदच होईल. सकाळी त्याचे लाल डोळे आणि डुलणारी चाल सगळ्यांनी पाहिली होती.

"उतरली नाही वाटतं अजून," मी म्हटलं.

"तुम्ही पण, कोगो?" तो रडवेला झाला. "ख्रिसमसपासून थेंब घेतलेला नाही. रोडा पण विश्वास ठेवत नाही. सकाळी उठतो तेच डोकं फुटत असतं. दुपारपर्यंत जातं. घ्या, हुंगा तोंड!"

मी खरंच हुंगलं. चहाचा वास आला. दारूचा नाही.

"रोज होतं?"

"रोजच. नाही म्हणजे, मधे आठवडाभर नव्हतं. लाल गाय व्यायची होती, तेव्हा मी गोठ्यात झोपत होतो. गाईच्या संगतीने बरं वाटलं म्हणून रोडाने मला टोमणे मारले."

"तू तिला धावणं सोड म्हणाला होतास?"

"म्हणालो होतो." तो जमिनीकडे बघत राहिला. "हजारदा म्हणालो. ती रोज रडत घरी येते, कोगो. जेवत नाही. मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा हातात धरून बसते. तुम्ही बघाल का तुमच्या माणसाला असं? म्हणून म्हणालो, पुरे कर. तिचं वाईट व्हावं म्हणून नाही."

त्याचे डोळे भरले. मला विषय बदलावासा वाटला, म्हणून मी म्हटलं, घर छान बांधलंस. तर त्या दुःखातही त्याची मान ताठ झाली.

"भिंती गवंड्याच्या, पण बाकीचं मी केलं. पत्रा आणि भिंत यांच्यामधे हाताएवढी फट होती चारी बाजूंनी. वारा असा शिरायचा! रोडाचे स्नायू आखडतील म्हणून एप्रिलमध्ये मी सगळीकडून गोणपाट कोंबलं, वर चिखल लिंपला. आता आत मेणबत्ती लावली तर ज्योत हलत नाही."

"शाबास," मी म्हटलं आणि उठले. अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. सकाळी मैलाच्या दगडापाशी मी रोडाची नाडी बांधली होती. माझी बोटं थंडीने बधिर झाली होती आणि तिच्या बुटाला हात लावल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

गावातल्या सगळ्या पोरींचे बूट ओले. रोडाचे कोरडे. आणि नुसते कोरडे नव्हेत, उबदार.

५

ताबिथा घरामागच्या जुन्या स्वयंपाकाच्या झोपडीत राहायची. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, मधे तीन दगडांची चूल. ती पिशवी भरत होती. चुलीजवळ रोडाची मांजर अंगाचं वेटोळं करून झोपली होती.

"कुठे निघालीस?"

"घरी. ताईला माझं तोंड बघवत नाही." तिने एक स्वेटर पिशवीत कोंबला. "बापाने माझं लग्न ठरवलं होतं, म्हाताऱ्याशी. ताई त्याच्या दारात येऊन म्हणाली, ही पोर धावेल. तिने मला पहिले बूट दिले, कोगो. मी तिला विष घालीन?"

"नाही घालणार. बस इथे. तिचे बूट इतक्या पावसात वाळतात कसे?"

तिच्या रडक्या चेहऱ्यावर एकदम अभिमान आला. "मी वाळवते. रोज रात्री. आधी इथे चुलीवर टांगायची. पण एकदा बुटाचा तळ वितळला, आणि ताई म्हणाली, बुटांना धुराचा वास येतो, मला डोकं दुखतं, असले नकोत. बाहेर ठेवले तर चोरतात. मग मी युक्ती काढली."

"दाखव."

तिने मला नव्या घराच्या मागच्या दाराने आत नेलं, कोठीत. मक्याची पोती, बीन्सचा डबा. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत तार बांधलेली. आणि तारेखाली जमिनीवर एक काळसर गोल डाग.

मी दारातच थांबले.

"कोगो? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पिशवी सोड. आणि आज इथे काही पेटवू नकोस. काहीच नाही. आज रात्री रोडा आणि एल्काना माझ्याकडे झोपतील."

"का?"

"मी म्हातारी आहे, मला सोबत लागते म्हणून."

६

माझ्या भावांनी पत्र्याची घरं बांधली तेव्हाही मी आईची गवताची झोपडी पाडू दिली नव्हती. लोक हसायचे. आम्ही आठ भावंडं तिच्यात वाढलो. मधोमध विस्तव रात्रभर धुमसायचा, वर माळ्यावर मका वाळायचा, आणि धूर गवतातून असा हळूहळू बाहेर झिरपायचा की पहाटे लांबून बघितलं तर झोपडीलाच घाम आल्यासारखं वाटायचं. डोळे चुरचुरायचे, कपड्यांना वास यायचा. पण डोकं जड घेऊन उठलेलं मला कुणी आठवत नाही. त्या छपराला श्वास होता.

रोडा कुरकुरत आली. "शनिवारी निवड आहे आणि मी धुरात झोपू?" पण आली. एल्काना घोरला.

गुरुवारी सकाळी पाऊस कोसळत होता. रोडाने बूट बघितले. ते रात्रभर माझ्या उंबऱ्याबाहेर पडून पाण्याने भरले होते.

"कोगो! ताबिथाने वाळवले नाहीत?"

"नाही. घाल तसेच."

ती पाय आपटत गेली. मी तिच्या मागोमाग चढणीपाशी गेले. सायलस घड्याळ हातात धरून उभा होता. पोरी सुटल्या. पहिलं वळण, रोडा चौथी. अर्धी चढण, तिसरी. मी डोळे मिटून घेतले. आणि मला तो आवाज ऐकू आला, वर्गात बसून ओळखायचे तोच, फक्त आता पचपच करणारा. डोळे उघडले तेव्हा ती माथ्यावर होती. तिच्या पुढे कुणी नव्हतं.

ती परत खाली आली, चिखलाने माखलेली, आणि माझ्यासमोर उभी राहिली. धाप लागली होती, पण डोळे स्थिर होते.

"काय घातलंत तुम्ही मला रात्री? चहात?"

"साखर. चल घरी. सगळेच चला."

७

कोठीत आम्ही पाच जण दाटीने उभे राहिलो. मी ताबिथाला म्हटलं, रोज जे करतेस ते आत्ता कर. तिने अंगणात शेगडीत कोळसे पेटवले, धूर जाऊन ते लालबुंद होईपर्यंत वारा घातला, मग शेगडी आत आणून तारेखाली ठेवली आणि बूट टांगले.

"आणि मग?"

"मग चोर येऊ नये म्हणून दार बंद. पहाटे सगळे उठायच्या आत राख बाहेर."

एल्कानाचा चेहरा उतरला. कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर थंडीत कुठे ना कुठे त्याने माणसं मरतात.

"मला माहीत आहे ते!" ताबिथा ओरडली. "म्हणून तर झोपायच्या खोलीत नाही ठेवली! ही कोठी आहे. मधे भिंत आहे, विटांची!"

"आहे," मी म्हटलं. "कुठपर्यंत?"

सगळ्यांनी माना वर केल्या. भिंत डोक्याच्या वर हातभर जाऊन थांबली होती. वर पत्र्याखाली एकच मोकळी पोकळी, कोठीपासून झोपायच्या खोलीपर्यंत. छत बसलं असतं तर कदाचित झाकली गेली असती.

"मंगळवारी मी पलीकडे पलंगावर बसले होते आणि ताबिथाचा हुंदका माझ्या कानात पडला. जिथून हुंदका येतो तिथून हवाही येते. कोळशाची विषारी हवा वरून पलीकडे उतरत होती, रोज रात्री, थोडी थोडी. मारण्याइतकी नाही. पण रक्तात शिरून बसण्याइतकी. मग ते रक्त चांगली हवा उचलत नाही. चालायला पुरतं, चढण धावायला पुरत नाही. दिवसभर बाहेर वावरलं की हळूहळू निघून जाते, म्हणून तुझी संध्याकाळ चांगली. म्हणून एल्कानाचं डोकं दुपारी उतरायचं, आणि गोठ्यात झोपला तेव्हा दुखलंच नाही. डॉक्टरांनी रक्त घेतलं तेही दुपारी. दरीत उकाडा, शेगडी नाही, बूट वाळवायला नाहीत, चार रात्रींत तू बकरी झालीस. मांजर सगळ्यांत शहाणी. ती आधीच निघून गेली."

"आणि बोटाचा चिमटा?" सायलसने विचारलं.

"तो मला नाही कळत. डॉक्टरला विचार." (पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, की तो चिमटा या विषाला चांगली हवाच समजतो. रोडाचे गाल रसरशीत दिसत, त्यालाही ते विषच जबाबदार असू शकतं, असंही म्हणाले.)

"पण धूर तर नव्हता," ताबिथा पुटपुटली. "वाससुद्धा नव्हता."

"धूर असता तर चोवीस तासांत पकडली असती आपण."

ती भिंतीला घसरत खाली बसली. "म्हणजे मीच. मीच केलं ताईला."

पावसाचा आवाज पत्र्यावर वाढत गेला. मग एल्काना खुर्चीवर चढला आणि पत्र्याखालचं गोणपाट दोन्ही हातांनी ओढून काढायला लागला. चिखलाचे पोपडे आमच्या डोक्यांवर पडले. "वारा मी बंद केला," तो ओढता ओढता म्हणत होता. "ज्योत हलत नाही म्हणून मिरवत होतो. गाढव मी."

रोडा ताबिथासमोर उकिडवी बसली.

"धुराचा वास नको म्हणाले ती मी," ती म्हणाली. "तू कोळसे कुणाच्या पैशांनी आणत होतीस?"

"माझ्या."

रोडाने तिचं डोकं स्वतःच्या ओल्या खांद्यावर दाबून धरलं. गार वारा फटीतून आत आला आणि शेगडीतले कोळसे फुलले.

रोडा उठली ती थेट झोपायच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा हातात तो रुमाल होता. तो तिने सायलसच्या खिशात घातला, त्याच्या शर्टावर थोपटलं आणि म्हणाली, "कोच, हे तुमचं. आणि सोमवारपासून माझा सराव मीच घेणार, तुमच्याशिवाय."

८

शनिवारी मी रेडिओ लावला नाही. ताबिथा माझ्या झोपडीत मका सोलत होती, पण एकेक दाणा पुन्हा पुन्हा मोजल्यासारखी. मला खोटी आशा नको होती. दोन रात्रींत रक्त स्वच्छ होतं, पण अडीच महिन्यांचा गेलेला सराव परत येत नाही. हे मी रोडाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुपारी फोन वाजला.

"कोगो, चौथी आले."

"तीन घेणार होते ना?"

"तीनच घेतल्या."

फोनमधून मैदानाचा गलका येत होता, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. आता ती रडेल, मी ऐकेन, एवढंच माझ्या हातात आहे असं मला वाटलं.

"शेवटच्या दोन फेऱ्यांत मला तिघींच्या पाठी दिसत होत्या," ती म्हणाली. "इतक्या जवळ. हात लांब केला असता तर लागला असता. पण पायांत पुरेसं नव्हतं. अडीच महिने घातलंच नव्हतं त्यांच्यात काही, तर येणार कुठून?" ती थांबली. "कोगो, मी का हरले ते मला माहीत आहे."

"हो गं."

"माझेच पाय होते. हरले ते माझेच पाय हरले." मग मला हसू ऐकू आलं, शाळेतलं, दप्तर डोक्यावर धरून येणाऱ्या पोरीचं. "ताबिथा आहे का तिथे?"

ताबिथा मक्याचं कणीस हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"आहे. देऊ फोन?"

"नको, रडेल ती. फक्त सांगा, सोमवारी सकाळी सहाला, चढणीच्या पायथ्याशी. आणि म्हणावं, बूट ओलेच आण."